लाल दिव्याला दोरा

डावं-उजवं मला अजून पक्कं कळत नाही. गाडी चालवताना कळतं, तिथं हात आपोआप जातो. पण समोर उभं राहून कुणी विचारलं की माझं डोकं गोल फिरतं. लहानपणी ह्याच्यावर गुरुजींनी मारलं, लग्नात भटजींनी हात धरून फेरे घ्यायला लावले. तोपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण ह्या डाव्या-उजव्यापायी, आणि त्याच्याही आधी माझ्या मस्करीपायी, एका माणसाची तीस वर्षांची नोकरी गेली. तो माझा दुश्मन असता तरी एक वेळ चाललं असतं. तो उस्मानमामू होता.

मामू रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. मी परळीकडचा. मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो कुवेतला उतरताना विमानातून, आणि शेजारच्याला म्हणलं, "तळं लई मोठंय हो." तो माणूस पुढं तीन तास... नाही, तीन तास नव्हते राहिले, पण जेवढा वेळ राहिला होता तेवढा वेळ तो माझ्याशी बोलला नाही.

आम्हा दोघांचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एकच, अबू फहद. घर सलवाला, आणि सुट्टीचं घर खैरानला, एकदम पाण्याला लागून. त्या घराला इथं शाले म्हणतात. मी सलवाला राहायचो आणि गाडी चालवायचो. मामू बाराही महिने खैरानच्या शालेवर. झाडांना पाणी, पंपाची दुरुस्ती, आणि मुख्य म्हणजे होडी. चार माणसांची फायबरची होडी. अबू फहद आणि त्याचा मेहुणा दर शुक्रवारी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या आधी अंधारात निघायचे, खडकापाशी पोचायचे, आणि उजाडलं की रबराचे कपडे घालून पाण्यात उतरून भाल्याच्या बंदुकीनं मासा मारायचे. मासा बाजारात मिळतो, हे मी एकदा सांगून बघितलं होतं.

त्या होडीला कायमचे दिवे नव्हते. वायरी टाकल्या की खारं पाणी दोन महिन्यांत खाऊन टाकायचं. म्हणून मामूकडं सुटे दिवे, सेलवरचे. दोन पुढं टोकाला चापानं लावायचे, एक लाल, एक हिरवा. तिसरा पांढरा, मागं काठीवर. होडी परत आली की मामू तिन्ही दिवे काढायचा, गोड्या पाण्यानं पुसायचा, सेल बाहेर काढायचा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचा आणि खजुराच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. डब्यावर कुणी हात ठेवलेला त्याला खपायचा नाही. मी एकदा त्यावर चहाचा कप ठेवला तर मला म्हणाला, "घाट्या, तुझ्या बापाच्या डोक्यावर ठेव तो कप."

मला तो घाट्याच म्हणायचा. बालाजी हे नाव त्याला येत होतं. कफीलसमोर वापरायचा.

पांढऱ्या दिव्याला त्यानं दुधाच्या पावडरच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला होता, आतून काळा रंगवलेला. मी विचारलं, "मामू, दिवा घ्यायचा आणि वरून झाकायचा, मग घेतला कशाला?"

"झाकला नाय. पुढच्या बाजूनं झाकला. चालवणाऱ्याच्या डोळ्यात उजेड गेला तर त्याला पाणी दिसेल काय?"

"मग त्याला दिसायला दिवा कुठाय?"

"त्याला दिसायला दिवा नसतोच रे. दिवा आपल्याला दिसायसाठी नाय, आपण दुसऱ्याला दिसायसाठी."

हे मला पटलं नाही. मी ड्रायव्हर माणूस. दिवा म्हणजे पुढं उजेड पाडणारी वस्तू. थंडीत इथले लोक वाळवंटात तंबू ठोकायला जातात, तेव्हा गाडीच्या टपावर हातभर लांब दिव्याची पट्टी लावतात. तसली एक जुनी पट्टी मी शुक्रवारच्या बाजारातून आणली. म्हणलं, ह्या कोकण्याला दाखवतो उजेड कसा असतो. गाडीची बॅटरी होडीत ठेवली, पट्टी टोकाला बांधली, आणि दिवस मावळल्यावर मामूला म्हणलं, चल, एक चक्कर मारू.

मामू लगेच होडीत बसला. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

पट्टी पेटवली. उजेड पडला, पण होडीच्या पांढऱ्या टोकावर पडला, पाण्यावरच्या धुक्यावर पडला, आणि तिथून सगळाच्या सगळा माझ्या डोळ्यात परत आला. मला पांढऱ्याशिवाय काही दिसेना. मी ब्रेक शोधला. होडीला ब्रेक नसतो. मग काहीतरी खरडलं, इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पाण्याखाली तारेचा माशाचा पिंजरा लावलेला होता, त्याचा दोर पंख्यात गुंडाळला होता. पिंजरा मामूचा. दोरही मामूचा. महिनाभर बसून त्यानं तो पिंजरा विणला होता.

मामूनं चाकू काढला, थंडगार पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि स्वतःचाच दोर कापत बसला. पिंजरा खाली गेला तो गेलाच. अर्ध्या तासानं वर बघून त्यानं एवढंच विचारलं, "आता दिसतंय का सगळं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझं शिक्षण सुरू केलं. मी म्हणलं नव्हतं शिकव म्हणून.

लाल डाव्या बाजूला, हिरवा उजव्या. एवढंच शिकायचं होतं. पण मी धक्क्यावर उभा राहून, होडीच्या तोंडाकडं तोंड करून दिवे लावायचो, म्हणजे बरोबर उलटे. मामू ओरडायचा, "डावा होडीचा रे! तुझा डावा तुझ्या घरी ठेव. होडीत बस, होडी बघते तिकडं बघ, मग सांग डावा कुठला." समोरून येणाऱ्याला लाल दिसला म्हणजे होडी त्याच्या डाव्या हाताला चाललीय, हिरवा दिसला म्हणजे उजव्या. त्यावरून तो आपली होडी कुठं वळवायची ते ठरवतो. "माणूस दिसत नाय, होडी दिसत नाय, फक्त रंग दिसतो. त्या रंगावर लोक जीव ठेवतात," मामू म्हणायचा. मी म्हणायचो, "मामू, तू निवडणुकीला उभा राहा."

आणि त्याची एक सवय होती, तिनं माझं डोकं उठायचं. दिवे इथं फार टिकत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी नवी जोडी यायची. दोन्हींचं अंग काळं, सारखंच. मामू सेल घालायचा, दोन्ही पेटवायचा, एक माझ्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "बोल, कोणता?"

"लाल."

मग तो त्या दिव्याच्या मानेला बारीक दोऱ्याचे तीन वेढे द्यायचा आणि गाठ मारायचा. मी चौथी नापास. आयुष्यात मला कुणी परीक्षेला बसवत नाही म्हणून तर मी खुश होतो. आणि हा माणूस बत्तीस वर्षांच्या बाप्याला विचारतोय, बोल कोणता. बालवाडीतल्या पोराला विचारतात तसं. शालेवर दुसरा कुणी आला, प्लंबर आला, पाण्याच्या टँकरवाला आला, तरी त्यालाही तेच. "बोल, कोणता?" मला वाटायचं, ह्याला मास्तर व्हायचं होतं, जमलं नाही, आता आमच्यावर सूड घेतोय.

तशा त्याच्या बाकीच्या गोष्टीही येड्यासारख्याच. टमाटे कच्चेच आणायचा, हिरवेगार. मी म्हणायचो, कोकणात लोणचं घालतात काय टमाट्याचं? एका पायात तपकिरी मोजा, एका पायात हिरवा. तीस वर्षं कुवेतमध्ये काढून गाडीचं लायसन नाही. त्याला डॉक्टरकडं न्यायचं तर मी सलवाहून खैरानला जायचो, तिथून अहमदीला, परत खैरान, परत सलवा. त्या दिवशी मी वैतागून म्हणलं, "काढ ना लायसन, मामू. माझ्यासारख्याला मिळालं, तुला काय धाड भरलीय?" त्यानं खिडकीची काच खाली केली. मी म्हणलं, डोळे तपासतात म्हणून घाबरतोस की काय? आणि स्वतःच हसलो. टमाटे, मोजे, लायसन, सगळ्यांवर हसलो. सलवाच्या घरात स्वयंपाकीण, माळी, सगळ्यांना मामूची नक्कल करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. एवढं सगळं माझ्या नाकासमोर होतं, पण नाकासमोरचं बघायला अक्कल लागते.

मग ती गुरुवारची दुपार. नवी जोडी आली होती. मी सामान उतरवून घामानं भिजलेलो, भूक लागलेली, आणि मामूनं दिवा समोर धरला.

"बोल, कोणता?"

लाल होता. लालभडक. मी म्हणलं, "हिरवा."

मला वाटलं आता मानेवर एक पडेल. काही पडलं नाही. मामूनं शांतपणे लाल दिवा खाली ठेवला, हिरवा उचलला आणि त्याला दोऱ्याचे तीन वेढे दिले. मी मनात म्हणलं, वा रे मामू! ह्यानं माझी मस्करी ओळखली आणि वर आपली एक चढवली. आता आधी हसायचं नाही. जो आधी हसेल तो हरला. मी तोंड दाबून बसलो. तो डबा बंद करून नमाजला गेला.

तेवढ्यात फोन आला. मामाला, इथं मालकिणीला मामा म्हणतात, म्हणजे अबू फहदच्या बायकोला सलवाहून आणायचं होतं. मी गाडी काढली. रस्त्यात एकटाच हसत होतो. परत आलो तोवर मामू झोपला होता. म्हणलं, सकाळी बघू. सकाळी उठलो तर होडी गेलेली.

तरीही मी चहा करून प्यालो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मामूनं दिवे उलटे लावणं शक्यच नाही, असं मला वाटत होतं. साऱ्या जगाला शिकवणारा माणूस.

खाडीच्या तोंडाशी शेजारच्या शालेवाल्याची होडी परत येत होती. त्याला अंधारात आमच्या होडीचा लाल दिसला. तो समजला ही होडी डावीकडं चाललीय, म्हणून तो उजवीकडं वळला. ही होडी उजवीकडंच चालली होती. जीव वाचले सगळ्यांचे. आमच्या होडीची एक बाजू फाटली आणि मेहुण्याचा हात मोडला.

मेहुण्याला दवाखान्यात पाठवून अबू फहद ओल्या कपड्यांनीच शालेच्या अंगणात उभा राहिला. शेजारी पुन्हा पुन्हा सांगत होता, दिवे उलटे होते, दिवे उलटे होते. अबू फहद वाईट माणूस नाही. तीस वर्षांत त्यानं मामूवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. त्यानं विचारलं, "उस्मान, कुणी लावले?"

"मी, बाबा."

"उलटे कसे?"

 मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं. तो मस्करी करत नव्हता. काल पण करत नव्हता. कधीच करत नव्हता. त्याला खरंच विचारायचं असायचं.

शेजारी म्हणाला, ह्याला रंग तरी दिसतात का विचारा. अबू फहदनं दोन्ही दिवे उचलले, दोरा ओढून तोडला, हात पाठीमागं नेले, दिवे इकडचे तिकडं केले आणि मामूसमोर धरले.

"वेन अहमर?" लाल कुठला?

मी अबू फहदच्या मागं उभा होतो, जरा कडेला. मला दिसत होतं. लाल त्याच्या डाव्या हातात. मामूनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत त्यानं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. घाट्या वगैरे काही नाही त्या नजरेत. फक्त, बोल, कोणता.

आता माझा डावा हात वर केला असता तर संपलं असतं. मी आणि अबू फहद एकाच दिशेला तोंड करून उभे. ज्या अंगाला लाल, त्याच अंगाला माझा हात. शेंबड्या पोराला जमलं असतं. पण मला त्याच वेळी मामूची शिकवणी आठवली. तुझा डावा तुझ्या घरी ठेव! चार वर्षांत पहिल्यांदा आठवली. म्हणलं, बालाजी, ह्या वेळी चुकायचं नाही. मामू समोर उभा आहे. त्याच्या बाजूनं बघ. त्याच्या बाजूनं लाल उजवीकडं येतो.

आणि मी माझा उजवा हात वर केला.

मामूनं त्या बाजूच्या दिव्याकडं बोट दाखवलं. हिरव्याकडं.

 मी पुढं धावलो. माझं अरबी गाडीत पेट्रोल भरण्यापुरतं. त्यात हिंदी मिसळून ओरडलो, "बाबा, मी केलं! काल मी खोटं बोललो! मजाक केली! त्याची चूक नाही!"

अबू फहदनं माझ्याकडं थकलेल्या माणसासारखं बघितलं. "बालाजी, आज नको. रोज कर, आज नको."

मी कुराणाची शपथ घेतली, मग आठवलं आपण हिंदू आहोत, म्हणून वैजनाथाची घेतली. त्यावर तो शेजारी हसला. खरंच हसला. चार वर्षं ह्या घरात मी दर गोष्टीवर नाटकं केली होती. काच फुटली की मी फोडली म्हणायचो, लाइट गेली की मी खाल्ली म्हणायचो. एकदाच खरं बोललो तर ते माझं नेहमीचंच निघालं.

आणि मामू काय म्हणाला? "बाबा, त्याचं ऐकू नका. तो येडा आहे. चूक माझी."

पंधरा दिवसांनी तिकीट आलं. अबू फहदनं हिशोब चोख केला, निघताना मामूला मिठी मारली, आणि त्या दिवशी मी ते बघून कुढलो, कारण भांडायलासुद्धा कुणी नव्हतं.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. भर दुपार. अहमदीच्या पुढं येईस्तोवर मी काही बोललो नाही, म्हणजे माझ्यासाठी तो विक्रम होता. मग मामूच बोलायला लागला. त्यांच्या गावात घरटी एक माणूस जहाजावर. हाही गेला होता भरतीला, एकोणिसाव्या वर्षी. सगळ्यात पास. शेवटी डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं, पानभर रंगीत ठिपके, आणि विचारलं, आकडा कुठला दिसतो? "मला नुसते ठिपके दिसले रे. मी म्हटलं, आकडा नाय छापलेला. डॉक्टर हसला." गावात त्यानं सांगितलं, मला बोट लागते, उलट्या होतात. खाडीकाठच्या माणसानं असं सांगायचं म्हणजे काय ते मला आता कळतं. रंग दिसत नाहीत म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं त्याला.

"मग दिव्यांचंच काम कशाला धरलंस?" मी विचारलं.

"त्यांनी मला ज्याच्यासाठी काढून टाकला तेच करायचं होतं. तीस वर्षं एक दिवा उलटा नाय लागला."

मग माझा बांध फुटला. मी त्याच्यावरच ओरडलो. "मला सांगायचं ना! चार वर्षं! एक शब्द सांगितला असतास तर मी कशाला मस्करी केली असती?"

मामूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सलवात नक्कल करून दाखवली असतीस."

 दाखवली असती. टमाट्यांसकट दाखवली असती.

विमानतळाच्या दारापाशी त्यानं पिशवी खाली ठेवली आणि आतून एक पाकीट काढलं. दिव्यांची नवी जोडी. भावाच्या होडीला म्हणून घेतली होती. पाकीट फोडलं, सेल घातले, दोन्ही पेटवले. लोक सामानाच्या ट्रॉल्या घेऊन आमच्या दोन्ही अंगांनी जात होते. मामूनं एक दिवा माझ्या नाकासमोर धरला.

"बोल, कोणता?"

 मी माझ्या शर्टाच्या बाहीचा सुटलेला दोरा ओढून तोडला, त्याच्या हातातला तो दिवा घेतला, मानेला तीन वेढे दिले, गाठ मारली आणि परत त्याच्या हातात ठेवला. लाल होता. देवाशपथ लाल होता. मी तीनदा बघितला.

मामूनं अंगठ्यानं दोरा चाचपला. माझ्याकडं बघितलं. मग बाजूनं एक बाई ट्रॉली ढकलत चालली होती, तिला त्यानं थांबवलं.

"बेटी, ये कौनसा कलर है?"

ती म्हणाली, "रेड, अंकल."

मामूनं मान हलवली, दिवे विझवले, बनियनमध्ये गुंडाळले आणि आत गेला.